उकाडा, गारठा आणि चौदा फुटी डबा

ट्रेलर आणि कॅरॅव्हॅनवाल्यांची पत्रं उन्हाळ्यात एसीबद्दल येतात, थंडीत हीटरबद्दल. या खेपेला दोन्ही एकत्र घेतली आहेत, कारण वाचताना लक्षात आलं की बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे: डब्यातल्या हवेतलं पाणी.

प्रश्न: आमचा चौदा फुटी ट्रेलर पुण्यात बांधून घेतला. भिंतींत २५ मिलिमीटर थर्माकोल आहे. कमी पडायला नको म्हणून दीड टनाचा साधा स्प्लिट एसी बसवला. मे महिन्यात गणपतीपुळ्याला आत पाच मिनिटांत हुडहुडी भरते, कंप्रेसर बंद पडतो आणि तासाभरात चादर ओलसर लागायला लागते. गॅस कमी झालाय का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: गॅस बहुधा ठीक आहे, एसीच जास्त झालाय. तुमच्या मापाच्या डब्यात कोकणातल्या भर दुपारी भिंती, छत, खिडक्यांतलं ऊन आणि दोन माणसं मिळून दीड ते दोन किलोवॅट उष्णता शिरते. दीड टनाचा एसी ५.३ किलोवॅट उपसतो. म्हणजे हवा गार करायचं काम तो चुटकीसरशी आटोपतो आणि थांबतो. पण हवेतलं पाणी काढायला कॉइल सलग काही मिनिटं थंड राहावी लागते. आधी तिच्यावर दव जमतं, मग थेंब होतात, मग ते ट्रेमध्ये उतरतात. तुमच्याकडे थेंब होईपर्यंत कंप्रेसर बंद होतो, आतला पंखा मात्र चालूच राहतो आणि कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत उडवतो. ती चिकचिक तिथून येते.

खात्री करायची तर ड्रेनच्या नळीखाली बाटली लावून ठेवा. दारं-खिडक्या बंद असतील तर कोकणात तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी जमायला हवं. तळाला घोटभरच दिसलं तर निदान पक्कं. गॅसची शंका फेडायची असेल तर एसी दहा मिनिटं चालू द्या, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजा. ८ ते ११ अंशांचा फरक असेल तर गॅसवाल्याला बोलवू नका.

बदलायचाच झाला तर पाऊण टनाचा इन्व्हर्टर घ्या, फार तर एक टनाचा. तो हळू गतीने पण सलग चालतो. तोवर पंखा सर्वांत कमी वेगावर, तापमान २६ आणि रात्री ड्राय मोड एवढ्यावर भागवा. छतावरचा झरोका नीट बंद होतो का तेही पाहा. समुद्रकाठची हवा फटीतून येत राहिली तर कुठलाच एसी तिला पुरा पडत नाही.

आणखी दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण घरगुती स्प्लिट ट्रेलरवर बसवला की त्या येतातच. पहिली, रस्त्याचे हादरे. आउटडोअर युनिट पुढच्या टो-बारवर (गाडीला जोडायच्या दांड्यावर) असेल तर तांब्याची नळी दर खड्ड्याला वाकते, कडक होते आणि फ्लेअर नटापाशी चिरते. नळीला एक सैल वेटोळं ठेवा, युनिटखाली रबरी पॅड घाला आणि प्रत्येक लांबच्या प्रवासानंतर नटांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. दुसरी, उतार. आतल्या युनिटचा ट्रे एकाच बाजूने रिकामा होतो. ट्रेलर उलट्या बाजूला कलता उभा केला की पाणी नळीऐवजी भिंतीवरून गादीवर उतरतं. गाडी लावली की आधी लेव्हल ठेवून बुडबुडा बघायचा, मग चहा.

विजेचंही सांगून ठेवतो. रिसॉर्टच्या सॉकेटवरून वायर ओढताना किमान २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल भाराखाली तापून वितळते. ट्रेलर रबरी टायरवर उभा असतो, त्याला स्वतःचं अर्थिंग नसतं. आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का हे टेस्टरने नव्हे, सॉकेट टेस्टरने तपासा.

प्रश्न: एसीचा खटाटोप करण्यापेक्षा ट्रेलरला १२ व्होल्टचा छोटा कूलर लावला तर?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: तुमच्याकडे लावा, आणि खुशाल लावा. नागपुरात मे महिन्यात ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २७ अंशांच्या आसपासची हवा देतो. तोच कूलर घेऊन रत्नागिरीला गेलात तर ३३ अंश आणि ७० टक्क्यांच्या हवेतून तो जेमतेम २९ पर्यंत उतरतो, आणि ती हवा पाण्याने भरलेली असते. घाम वाळत नाही, गादी कुंद होते. त्यामुळे विदर्भात जूनचा पाऊस लागला की कूलरला झाकण घाला.

कूलर चालू असताना समोरची खिडकी किंवा छतावरचा झरोका उघडा ठेवायचा. ओली हवा बाहेर गेली नाही तर अर्ध्या तासात नागपुरातही रत्नागिरी होते. पाणी ताशी दोन-तीन लिटर धरा. रात्रभरासाठी २० लिटरचा कॅन वेगळा ठेवा. कूलर आणि एसी एकाच वेळी चालवू नका. एकाने घातलेलं पाणी दुसरा काढत बसतो आणि बिल तुम्ही भरता.

प्रश्न: छताला पांढरा रंग दिल्याने खरंच फरक पडतो?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: पडतो. गडद पत्रा भर उन्हात ६० अंशांच्या पुढे जातो, पांढरा त्याहून बराच खाली राहतो. त्याहून स्वस्त आणि जास्त गुणकारी म्हणजे छताच्या चार-सहा इंच वर ताणलेली ताडपत्री, मधून वारा खेळेल अशी. खळ्यात मांडव घालतात त्यातलंच तत्त्व. छताला चिकटून टाकलेली ताडपत्री मात्र निरुपयोगी.

प्रश्न: आमच्या सोळा फुटी ट्रेलरमध्ये १६,००० बीटीयूची प्रोपेन फर्नेस आहे. संध्याकाळी छान चालते. पहाटे चारच्या सुमारास पंखा फिरत राहतो पण हवा गार येते. सिलिंडर भरलेला असतो. बाहेर १५-२० फॅरनहाइट (उणे ७ ते ९ सेल्सिअस) होतं.
— एक वाचक, मिशिगन

उत्तर: पहाटे चारची ही तक्रार जवळजवळ नेहमी बॅटरीची असते. फर्नेसचा क्रम असा: थर्मोस्टॅटने मागणी केली की आधी पंखा सुरू होतो. पंख्याच्या वाऱ्याने आत एक पत्र्याची पट्टी ढकलली जाते, तिला सेल स्विच म्हणतात. ती पुरेशी ढकलली गेली तरच बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पाडतो. व्होल्टेज घसरलं की पंखा ऐकायला चालू असतो पण वेग कमी पडतो, पट्टी पूर्ण सरकत नाही आणि गॅस येतच नाही. हे संरक्षण आहे, बिघाड नव्हे. वारा नसताना जाळ पेटला तर फर्नेस जळेल.

हिशोब करून पाहा. पंखा साधारण साडेतीन अँपिअर घेतो. रात्रीचे दहा तास, निम्मा वेळ चालू, म्हणजे १७-१८ अँपिअर-तास. त्यात फ्रिजचा बोर्ड, गॅस अलार्म, दिवे. तुमची बॅटरी ८० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड धरली तर तिच्यातून निम्मंच वापरायचं असतं, आणि बाहेरच्या थंडीत तेही बरंच आक्रसतं. चारपर्यंत तळ गाठला जातो.

मल्टिमीटर घ्या आणि बिघाड चालू असतानाच मोजा, सकाळी ऊन पडल्यावर नाही. पंखा फिरत असताना आधी बॅटरीवर, मग फर्नेसच्या टर्मिनलवर. फर्नेसपाशी साडेदहाच्या खाली आकडा असेल तर कारण सापडलं. बॅटरीवर बारा आणि फर्नेसपाशी साडेदहा दिसले तर बॅटरीला बोल लावू नका. वायर बारीक आहे किंवा फ्रेमला जोडलेला निगेटिव्ह बोल्ट गंजलाय. कॅम्पग्राउंडच्या ३० अँपिअरच्या जोडणीवर असूनही व्होल्टेज साडेतेराच्या आसपास चढत नसेल तर कन्व्हर्टरचे (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणाऱ्या डब्याचे) फ्यूज बघा. बॅटरी उलटी जोडली गेली की ते उडतात आणि नंतर कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

व्होल्टेज उत्तम असेल तर सेल स्विच उघडून बघा. कुत्रं सोबत नेत असाल तर तिथे केसांचा गुंता सापडण्याची शक्यता दाट. मग बाहेरचं धुराडं: उन्हाळ्यात गाडी उभी असताना कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते आणि ते थंडीतल्या पहिल्या सहलीला कळतं. हवा परत आत खेचणाऱ्या जाळीसमोर बॅगा रचल्या असतील तर त्या हलवा. हवा कमी पडली की फर्नेस तापून लिमिट स्विच (जास्त तापल्यावर गॅस तोडणारा) पाडते आणि लक्षणं अगदी हीच दिसतात. गॅसचा दाब ११ इंच वॉटर कॉलम (दाब पाण्याच्या उंचीत मोजायची रीत) असावा, पण ते मोजायचं काम तंत्रज्ञाचं.

वीस पौंडी सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू असतात. फर्नेस निम्मा वेळ चालली तर दोन दिवस आणि थोडं वर. वीजजोडणी असेल तर १५०० वॅटचा ऑइल हीटर लावा आणि फर्नेस कमी तापमानावर मागे ठेवा. हीटर १२.५ अँपिअर घेतो. त्याच वेळी मायक्रोवेव्ह आणि पाण्याचा विजेवरचा हीटर लावलात तर ब्रेकर पडणार.

प्रश्न: थंडीत सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं, ते एक वेळ चालेल. पण गादी उचलली तर खाली काळे ठिपके दिसतात. झोपण्याआधी आम्ही शेगडी पेटवून आत ऊब करतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: ती शेगडीच पाणी देते आहे. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ लिटर पाण्याची वाफ होते, आणि ती सगळी तुमच्या खोलीत राहते. त्यात दोघांच्या रात्रभरच्या श्वासातून अर्ध्या लिटरच्या आसपास. २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेतलं पाणी १२ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर सुटायला लागतं. काच तर सोडाच, गादीखालचा प्लाय आणि भिंतीतली लोखंडी पाइपची चौकटही तेवढी थंड असतेच. भिंतीवर उभ्या ओल्या रेघा दिसत असतील तर त्या पाइपांच्याच जागा आहेत. तिथे थर्माकोल नाही.

शेगडी आजपासून बंद. गॅसची असो वा कोळशाची. पाण्यापेक्षा मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. त्याला वास नाही आणि झोपेतून तो उठू देत नाही. अलार्म बसवा, उशीच्या उंचीला, पण अलार्म आहे म्हणून शेगडी चालेल असं समजू नका.

गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी घालून दोन इंच पोकळी ठेवा, आणि पेटीच्या फळीला भोकं पाडा. भिंतीपासून गादी बोटभर लांब. रात्री छतावरचा झरोका एक इंच आणि खालची एक खिडकी फटभर उघडी ठेवा. थंडीत हे सांगितलं की लोक वेड्यात काढतात, पण बाहेरची थंड हवा कोरडी असते आणि तापवली की ती ओल पिऊन बाहेर जाते. टेबलावर ठेवायचे छोटे, कंप्रेसर नसलेले पेल्टियर डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारी यंत्रं) विकत घेऊ नका. दिवसाला जेमतेम पाव लिटर काढतात. काळ्या ठिपक्यांसाठी व्हिनेगरने पुसून उन्हात वाळवा. प्लायचा थर सुटला असेल तर तो बदलायलाच हवा.

प्रश्न: ऑक्टोबरात लडाखला जातोय. डिझेल हीटर घ्यायचा की एलपीजीचा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: डिझेल. घरगुती एलपीजीत ब्युटेन मोठ्या प्रमाणात असतो आणि तो शून्याच्या जरा खाली वायू होणंच थांबवतो. सिलिंडर जड लागतो पण बर्नर पेटत नाही.

छोट्या ट्रेलरला दोन किलोवॅटचा हीटर पुरतो, ताशी ०.१ ते ०.२८ लिटर डिझेल. पेटताना ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) दोन-चार मिनिटं ८ ते १० अँपिअर ओढतो, म्हणून वायर जाड हवी. बंद करताना मेन स्विच झटकन पाडू नका. तो स्वतःला थंड करून मग थांबतो. मधेच वीज तोडली तर आतली उष्णता बोर्ड आणि पंखा खाते. जळण्यासाठीची हवा आणि धूर, दोन्ही नळ्या ट्रेलरच्या तळातून बाहेर, तोंडं एकमेकांपासून लांब आणि खिडकीखाली नकोत.

लेहला, ३,५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश राहतो. डिझेल तेवढंच आलं आणि हवा कमी पडली की काजळी धरते, पांढरा-काळा धूर येतो आणि चौथ्या रात्री हीटर पेटत नाही. घेतानाच उंचीसाठी पंपाचा वेग कमी करता येणारं मॉडेल मागा. रात्रभर मंद चालवलात तर सकाळी पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीवर चालवा, काजळी जळून जाते. खाली मैदानात भरलेलं साधं डिझेल वर मेणासारखं घट्ट होऊ शकतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. हीटरची टाकी तिथे पोचेपर्यंत जवळजवळ रिकामी करा आणि मिळालं तर हिवाळी डिझेल वर गेल्यावरच भरा.