डोळे वटारलेले नाहीत

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. थायरॉइडमुळे डोळे पुढे आलेत, त्या आजाराबद्दल चार ओळी आणि आरशाबद्दल दीड पान! माझंही असंच होतं. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून डॉक्टर खूश, आणि मी रोज सकाळी वरची पापणी बोटाने खाली ओढून बघायची, आज तरी जागेवर बसते का.

गोळ्यांनी थायरॉइड ताळ्यावर आलं, मग डोळे का ताळ्यावर येत नाहीत, असं तू विचारतेस. दोन्हींचं मूळ एक असलं तरी दोघांची चाल वेगळी. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून थायरॉइडवर उलटते, आणि डोळ्यामागच्या चरबीवर व डोळा हलवणाऱ्या स्नायूंवरही. त्यांना सूज येते. डोळ्याची खोबण हाडाची, ती काही फुगत नाही, मग डोळा पुढे ढकलला जातो. थायरॉइड ताब्यात हवंच, फार वाढलेलं नको आणि औषधाने फार उतरलेलंही नको. पण डोळ्यांची सूज स्वतःच्या गतीने चालते. साधारण सहा महिने ते दोन वर्षं ती धगधगते, मग निवते. निवल्यावर थोडं आपोआप मागे जातं, सगळं जात नाही. जुन्या फोटोसारखी दिसशील असं खोटं आश्वासन मी देणार नाही.

आता तुझं खरं दुखणं. ‘लोक माझ्याशी विचित्र वागतात,’ असं तू लिहिलंस. त्याचं कारण मला कळायला वर्ष लागलं. पापणी वर ओढली गेली की बुबुळाच्या वरचं पांढरं दिसतं, आणि माणूस घाबरला किंवा संतापला की नेमकं तेच दिसतं. आपण डोळे वटारलेले नसतात, पण समोरच्याला वटारल्यासारखे वाटतात. तो बिचकतो, किंवा उलट चढ्या आवाजात बोलतो. त्याला आपण कुरूप वाटतो म्हणून नव्हे, तर आपल्या मनात नसलेला राग त्याला आपल्या चेहऱ्यावर दिसतो म्हणून. हे लक्षात आल्यावर मी एक सवय लावून घेतली: जे चेहऱ्याने सांगता येत नाही ते तोंडाने सांगायचं. ‘मी चिडलेली नाही हं, थायरॉइडमुळे डोळे असे दिसतात.’ एवढं एक वाक्य, पहिल्या दोन मिनिटांत. त्यापुढे आजाराचं पुराण लावू नकोस. कुणी उपाय सुचवायला लागलं तर सरळ विषय बदल. फोनवर तुझा आवाज नेहमीसारखाच असतो, म्हणून अवघड बोलणी काही दिवस फोनवर केलीस तरी त्यात पळपुटेपणा नाही.

आरशाचं म्हणशील तर तो तुला फसवतो. सकाळी सूज जास्त असते, संध्याकाळी कमी, आणि तू मात्र सकाळचाच चेहरा दिवसभर डोक्यात घेऊन फिरतेस. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, समोरून आणि बाजूने फोटो काढ. दोन-तीन वर्षांपूर्वीचा एखादा फोटोही जवळ ठेव. डॉक्टरांना तुलनेला उपयोगी पडतो. काळा चष्मा ऊन-वाऱ्यात जरूर घाल, घरात मात्र नको. त्याने लोक उलट जास्त निरखून बघतात, हा माझा अनुभव. जरा जाड काड्यांचा साधा चष्मा बरंच झाकतो.

रात्री उशाकडची बाजू उंच करून झोप. दिवसा थेंब, रात्री मलम. पापणी पूर्ण मिटत नसेल तर डॉक्टरांना विचारून टेप. आणि सिगारेट. तू ओढतेस हे मला माहीत आहे, रागावू नकोस. या आजारात तिच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. डोळे बिघडतातच, शिवाय औषधंही कमी लागू पडतात. थायरॉइडसाठी रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन देण्याचा, विषय निघाला तर डोळ्यांचं आधी सांग, कारण त्याने डोळे आणखी बिघडू शकतात.

ऑपरेशनची घाई करू नकोस. दृष्टीलाच धोका असला तर गोष्ट वेगळी. एरवी सूज निवून डोळे काही महिने स्थिर राहिले की मगच, आणि तेही क्रमाने: आधी खोबणीत जागा करायची, मग तिरळेपणा, शेवटी पापण्या. क्रम उलटला तर आधीचं काम वाया जातं. टेप्रोट्युमुमॅब या नव्या औषधाला अमेरिकेत २०२० साली मंजुरी मिळाली. ते पुढे आलेला डोळा मागे घेऊ शकतं, पण ऐकू कमी येणं आणि साखर वाढणं हे धोके त्यात आहेत. मोह पडेल, म्हणून सांगून ठेवते.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. लाल रंग फिका दिसायला लागला, पापणी मिचकावूनही धूसरपणा गेला नाही, किंवा डोळा अचानक खूप दुखून लाल झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. एकाची दोन दिसायला लागली तरी कळव. दोन प्रतिमा जुळवायला चष्म्यावर चिकटवायचं प्रिझम मिळतं, तोवर गाडी चालवू नकोस.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना एवढंच विचार: ‘सूज अजून चालू आहे, की निवली?’ बाकी सगळे निर्णय त्या उत्तरावर लटकलेले आहेत. काय म्हणाले ते मला लिही, आणि या वेळी आरशाला अर्ध्या पानाहून जास्त जागा देऊ नकोस.

तुझी,
ताई