मॅडम, मोबाइल काढून घेऊ का?

रील्स बघून बारीक व्हायच्या नादात मुलगी जेवत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेक आया हेच विचारतात. या आईनेही विचारलं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी बी.कॉम.ला. सकाळी नुसतं जिऱ्याचं पाणी, डबा मैत्रिणींना वाटायचा, रात्री ‘कॅन्टीनमध्ये खाल्लं’ अशी थाप. तीन महिने पाळी नव्हती.

मोबाइलचं नंतर बघू म्हटलं, आधी डॉक्टर. पाळी थांबणं, चक्कर येणं, जेवून मुद्दाम उलटी काढणं, यांतलं काहीही असेल तर नुसत्या समुपदेशनावर भागत नाही. तपासण्या लागतात, कधी मानसोपचारतज्ज्ञही.

मुलगी एकटी बोलायला बसली तेव्हा मी रील्समधल्या खोटेपणाबद्दल काही सांगायच्या आत तीच म्हणाली, “मला माहितेय ना, सगळं एडिट केलेलं असतं. मीपण कंबर बारीक करूनच फोटो टाकते. आता लोकांनी तो फोटो पाहिलाय, म्हणून प्रत्यक्ष भेटायचं टेन्शन येतं.” फिल्टर कसा चालतो ते या मुलींना आपल्यापेक्षा जास्त कळतं. कळून भूक परत येत नाही.

“आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही,” आई म्हणाली. आपल्या वेळी टीव्ही-मोबाइलचा पडदाही एवढा घरात नव्हता. पडदा घरात आला की काय होतं ते पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर दिसलं. तिथे भरलेलं अंग चांगलं मानायचे. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तेव्हा वजनासाठी उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत सापडली नव्हती. १९९८ मध्ये ११.३ टक्के मुलींनी तसं करत असल्याचं सांगितलं.

पण पडद्यावरचं घरात कोण बोलून दाखवतं? आईला सांगितलं, आठवडाभर घरात कुणाच्या अंगावरून काय बोललं जातं ते लिहून काढा. वही भरूनच आली: शेजारणीचं पोट, मालिकेतली नटी, स्थळाचा फोटो, स्वतःचे दंड. आणि सगळ्यांत घातक वाक्य कौतुकाचं होतं, “बारीक झालीस गं, छान दिसतेस!” उपाशी राहण्याला मिळालेली शाबासकीच ती.

मोबाइल राहू दिला. काढून घेतला की लपवाछपवी वाढते, मैत्रिणीही तुटतात. कुठली अकाउंट्स बंद करायची ते तिने ठरवलं. सगळी केली नाहीत, मीही ताणलं नाही. वजनकाटा माळ्यावर गेला. रात्रीचं जेवण एकत्र, पण तिच्या ताटावर कुणी नजर ठेवायची नाही. वजनावर टीका बंद, तसं कौतुकही बंद. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांकडे फेऱ्या चालू राहिल्या. काही महिन्यांनी पाळी आली. फोटो ती अजून एडिट करते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो आत्याला काय सांगायचं यावर. “हिला आवरा, स्थळं कशी येणार?” हे त्यांचं प्रत्येक सणाला ठरलेलं. गणपतीत आईने शेवटी सांगितलं, “वन्सं, तिच्या अंगाबद्दल नको, परीक्षेबद्दल विचारा.” वन्सं विसर्जनापर्यंत फुगून होत्या म्हणे.