तुझी सही नसली तरी

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळा रुळावर आली, पण आपण पूर्वीसारखे मुख्याध्यापक राहिलो नाही, असं लिहिलंयस. राहणारही नाहीस, आणि त्याची खंत करू नकोस. एप्रिल २०२०मध्ये कोरोनामुळे जगभरात जवळजवळ १६० कोटी विद्यार्थी घरी बसले होते. त्या काळात ज्यांनी ज्यांनी शाळा सांभाळली, त्या सगळ्यांची काम करायची पद्धत बदलली.

संकटात पहिले काही तास हुकूमच द्यावे लागतात. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तू ते केलंस, योग्य केलंस. मला काळजी आहे ती पुढची. ती सवय अंगवळणी पडते आणि मग सहलीच्या तारखेपासून खडूच्या खरेदीपर्यंत सगळं तुझ्या टेबलावर येऊन साठतं.

जपानमधल्या ओकावा प्राथमिक शाळेबद्दल तुला सांगायलाच हवं. ११ मार्च २०११च्या भूकंपानंतर तिथली मुलं पाऊण तासाच्या आसपास पटांगणात थांबली होती. शाळेमागेच टेकडी होती. मुख्याध्यापक त्या दिवशी रजेवर होते आणि कुठे जायचं हे शिक्षकांचं ठरेना. त्सुनामीत ७४ मुलं आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले. न्यायालयाने पुढे बोट ठेवलं ते आधीच्या तयारीवर, कारण आराखड्यात सुरक्षित जागा नेमकी लिहिलेलीच नव्हती. त्याच दिवशी जपानमधल्याच कामाइशी शहरात मात्र सराव झालेली मोठी मुलं आपणहून पळत सुटली आणि लहानांना हाताला धरून उंचावर घेऊन गेली. हे वाचल्यापासून कुठल्याही शाळेत गेलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आज मुख्याध्यापक नसतील तर निर्णय कोण घेणार? बऱ्याचदा सगळे एकमेकांकडे बघतात.

म्हणून आधी ती नावं लिहून काढ. तू नसलीस तर कोण, ती व्यक्तीही नसेल तर कोण. कागद कार्यालयात लाव आणि त्यांना खरोखर निर्णय घेऊ दे. तुझ्या मते चुकीचा निर्णय झाला तरी सगळ्यांदेखत तो फिरवू नकोस. मुलांच्या जिवावर बेतणार असेल तेवढाच अपवाद.

पालकांना तू पाठवायचीस तो संदेश मला फार आवडला होता. आत्ता काय माहीत आहे, काय माहीत नाही, पुढचा निरोप किती वाजता. तीनच ओळी. 'माहीत नाही' हे मुख्याध्यापकांनी लिहिल्यावर पालक बिथरतील, अशी भीती शिक्षकांना होती. उलट फोन कमी झाले. ही रीत सोडू नकोस. निकाल असो, शुल्क असो, असंच लिही.

आणि शिक्षकांची विचारपूस. तेव्हा रोज करायचीस म्हणे, आता जमत नाही. रोज नकोच, पण ज्यांनी घरची आजारपणं काढत वर्ग घेतले, ते अजून थकलेले आहेत. त्यांचे तास आधी हलके कर, नवे उपक्रम नंतर.

पुढच्या सभेची विषयपत्रिका दुसऱ्या कुणाला तरी करायला सांग, आणि सभा कशी झाली ते मला कळव.

तुझी,
बाई