झाड पालिकेचे, खाज आमच्या मुलांना

प्रश्न : सोसायटीच्या भिंतीलगत, फुटपाथवर महापालिकेचे शेवग्याचे झाड आणि मेंदीचे कुंपण आहे. पावसाळा सुरू झाला की खोडावर केसाळ सुरवंटांचे थर बसतात आणि ते भिंतीवरून जिन्यात येतात. दोन मुलांच्या अंगावर गांधी उठल्या, सासूबाईंचा दमा वाढला. तीनदा तोंडी तक्रार केली. ‘बजेट नाही, माणसे नाहीत’ एवढेच उत्तर मिळाले. काही सभासद रात्री झाडाला पलिता लावायला निघाले आहेत. आम्ही काय करावे? औषधपाण्याचा खर्च मिळेल का?

उत्तर : ताई, आधी तो पलिता विझवा. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत झाड जाळणे आणि त्याला इजा करणेही येते. आज तक्रारदार असलेले सभासद उद्या आरोपी होतील. शिवाय जाळताना सुरवंटांचे केस हवेत उडतात, म्हणजे सासूबाईंना त्रास जास्तच. तुमच्या स्वतःच्या भिंतीवरचे, जिन्यातले सुरवंट काढायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. हातमोजे घाला, एवढेच.

तीनदा केलेली तोंडी तक्रार कायद्याच्या लेखी शून्य. उद्यान विभाग आणि आरोग्य विभाग दोघांनाही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत तारखेसह फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. पालिका म्हणेल, अळ्या निसर्गाने दिल्या, आम्ही सोडल्या नाहीत. हा बचाव अगदीच पोकळ नाही. पण झाड तिच्या ताब्यात आहे, आणि त्रास कळवल्यानंतरही ती स्वस्थ बसली तर तो बचाव लंगडा पडतो. म्हणून पोचेवरची तारीख जपा.

पंधरा दिवसांत हालचाल नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सार्वजनिक जागेतला उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश ते देऊ शकतात. जुन्या फौजदारी संहितेचे कलम १३३ ते हेच. त्याच कलमाखाली रतलामचे रहिवासी उघडी गटारे आणि दुर्गंधीविरुद्ध लढले होते. नगरपालिकेने पैसे नसल्याची सबब सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली ती फेटाळली. ‘बजेट नाही’ म्हणणाऱ्या साहेबांपुढे हा निकाल अर्जातच ठेवा. गटार आणि सुरवंट एक नव्हेत, हे मान्य. आदेश मिळेलच अशी हमी मी देणार नाही. पण नोटीस निघाली की फवारणीची गाडी येते, असा माझा अनुभव आहे.

दरम्यान माहिती अधिकारात विचारा : या रस्त्यावर गेल्या दोन वर्षांत कीडनियंत्रण कधी झाले? शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, त्यामुळे राग तिथे ओतू नका.

दिवाणी दावा शेवटी. सार्वजनिक उपद्रवासाठी दोघे किंवा अधिक रहिवासी न्यायालयाच्या परवानगीने दिवाणी संहितेच्या कलम ९१ खाली दावा लावू शकतात.

खर्चाचे विचाराल तर आशा कमी धरा. गांधी त्याच झाडावरच्या सुरवंटांमुळे उठल्या आणि दमाही त्यामुळेच वाढला, हे तुम्हाला सिद्ध करावे लागेल. दमा जुना असेल तर ते आणखी अवघड. तरीही बिले जपून ठेवा, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांना केवळ ‘ॲलर्जी’ न लिहिता त्यांच्या मते कारण काय, तेही लिहायला सांगा.