धनगरवाडा खाली हलवताना

प्रश्न : शाहूवाडी तालुक्यातला आमचा धनगरवाडा दरडीच्या भीतीने खाली हलवणार म्हणतात. सही करण्याआधी काय बघावं?

उत्तर : आधी गोठा बघा. आराखड्यात घर असतं, म्हशींचं नावही नसतं. मग माणसं त्यांच्यामागे पुन्हा वर जातात. गोठा, चराई, उन्हाळ्यातलं पाणी ठरावात लिहून घ्या. वनहक्काचा दावा हलण्याआधीच ग्रामसभेकडे द्या. २००६च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीत नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं जंगलातलं वास्तव्य आणि जंगलावरचं जगणं दाखवावं लागतं. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, पण एकट्या त्यावर भागत नाही; दुसरा पुरावा जोडा. नवी जागा ओढ्याच्या तोंडाशी नको. आणि वरच्या अंगाला भेग पडली किंवा झरा अचानक गढूळला, तर कागद राहू द्या, लगेच निघा.