बोर्ड तापला, लॅपटॉपचं पोर्ट गेलं, दाद कोणाकडे?

प्रश्न : एकाच ऑर्डरमध्ये दोन मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप असलेले सर्किट बोर्ड) ऑनलाइन घेतले. एक १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालवला आणि त्याच्या ५ व्होल्टच्या पिनवरून तीन सर्वो मोटर (हव्या त्या कोनात फिरवता येणाऱ्या छोट्या मोटर) जोडल्या. बोर्डाला हात लावता येईना, इतका तो तापला. नंतर लॅपटॉपला जोडला, तर लॅपटॉपचं यूएसबी पोर्टच बंद पडलं. विक्रेता ‘चुकीचा वापर’ म्हणून हात झटकतोय. बोर्डावरचा रेग्युलेटर (व्होल्टेज ५ वर आणणारी चिप) बदलून पाहू का? दुसरा बोर्ड अजून सीलबंद आहे.

उत्तर : रेग्युलेटरला हात लावू नका. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ नुसार ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तुम्ही सोल्डरिंग केलेला बोर्ड तिथे गेला, तर बिघाड तुम्हीच केला असं म्हणायला विक्रेत्याला आयती संधी मिळेल.

विक्रेत्याचं म्हणणं मात्र अगदीच निराधार नाही. अशा बोर्डांवर बहुतेक लिनिअर रेग्युलेटर असतो आणि तो जादा व्होल्टेज उष्णतेच्या रूपात टाकतो. १२ मधून ५ वजा जाता उरले ७ व्होल्ट; मोटरींनी मिळून अर्धा अँपिअर घेतला, तरी ७ गुणिले अर्धा, म्हणजे नखाएवढ्या चिपवर साडेतीन वॅट उष्णता. ती तापणारच. पण विक्रीच्या पानावर नुसतं ‘७ ते १२ व्होल्ट’ लिहिलं असेल आणि १२ व्होल्टवर त्या पिनवरून किती करंट घ्यावा याचा उल्लेखच नसेल, तर तुमची बाजू बरीच सावरते. वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणं हा कलम ८४ खाली उत्पादकाच्या दायित्वाचा (मालामुळे झालेल्या हानीची भरपाई देण्याच्या जबाबदारीचा) स्वतंत्र आधार आहे. ‘हा धोका सर्वांना माहीतच असतो’ हा बचाव कलम ८७ मध्ये आहे खरा, पण नवशिक्यांसाठी म्हणून विकलेल्या बोर्डाबाबत तो मला लंगडा वाटतो. त्या पानाचे स्क्रीनशॉट आजच घ्या. तुमची कायदेशीर नोटीस गेल्यावर पानं बदलतात.

तुमचा हुकमी पुरावा म्हणजे तो सीलबंद बोर्ड. उघडण्यापासून सलग व्हिडिओ काढा. काहीही न जोडता, लॅपटॉपऐवजी वेगळ्या यूएसबी चार्जरवर, मध्ये यूएसबी मीटर (व्होल्टेज आणि करंट दाखवणारं छोटं उपकरण) लावून चालवा. किंचित कोमट झाला तर ते स्वाभाविक आहे. मोकळा असूनही चटका बसण्याइतका तापला, तर दोष मालातच आहे असं ठामपणे मांडता येईल. गार राहिला, तर भर अपुऱ्या सूचनांवर ठेवा आणि मालाच्या दोषाचा मुद्दा ताणू नका.

लॅपटॉपचं नुकसान वेगळं मोजलं जातं. उत्पादन दायित्वात ‘हानी’ म्हणजे त्या वस्तूखेरीज इतर मालमत्तेचं नुकसान. खुद्द बोर्ड त्यात येत नाही. म्हणून बोर्डाचा परतावा सदोष माल म्हणून मागा आणि लॅपटॉपची भरपाई उत्पादन दायित्वाखाली. पोर्ट कशामुळे गेलं, हे दुरुस्ती करणाऱ्याकडून लेखी घ्या. नुसतं बिल पुरणार नाही. नुसत्या बोर्डासाठी आयोगाची पायरी चढा असं मी म्हटलं नसतं, कारण प्रयोगशाळेचं शुल्क आधी तक्रारदारालाच भरावं लागू शकतं. लॅपटॉपमुळे मात्र ते परवडेल.

नोटीस उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही पाठवा. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. बोर्ड वस्तू बनवून विकण्यासाठी घेतले असतील, तर ‘व्यावसायिक हेतू’चा, म्हणजे तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही असा, आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून उपजीविकेपुरता वापर असेल, तर त्याला उत्तर आहे.

दरम्यान बोर्डाचे पैसे परत द्यायला विक्रेता तयार झाला, तर जरूर घ्या. मात्र ‘लॅपटॉपच्या भरपाईचा हक्क राखून स्वीकारत आहे’ असं ईमेलवर लिहूनच, आणि तापलेला बोर्ड त्याच्याकडे परत न पाठवता.