चौथा भिडू

अगं मुली,

तुझा मेसेज वाचला, परत वाचला, आणि आधी वाईट वाटलं मग राग आला. बाबांना आई गेल्यावर बार्शीत एकटं ठेवलं नाहीस, इकडे आणलंस, त्याचं कौतुक करत बसत नाही, ते करायचंच असतं. पण पुढची यादी स्वतःच वाच ना. टॅबलेट, पावलं मोजणारं घड्याळ, बुद्धिबळाचं ॲप, दोन-तीन ओटीटी, आणि आता घसघशीत फी घेणारं कुठलंतरी ॲक्टिव्हिटी सेंटर. आणि वर विचारतेस, काकू अजून काय करू, बाबा आपले खिडकीपाशीच बसून असतात. अगं वाकडला चौदाव्या मजल्यावर बसल्यावर माणूस दुसरं काय करणार, रस्त्यावरची माणसं मुंगीएवढी दिसतात, हाक कुणाला मारणार!

सेंटर लावायचं की नाही हे नंतर बघू. आधी मला एवढंच सांग, तुझे बाबा एखाद्या दिवशी कुठे गेले नाहीत तर कुणाचं अडतं का? ॲपचं अडत नाही, टीव्हीचं नाही, त्या सेंटरचंही अडणार नाही, फी आधीच घेतलेली असते. मी सगळ्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत हा एकच प्रश्न विचारते आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले लोक मला त्यावरून चिडवतात, चिडवू देत.

संघात दुपारी पत्त्यांचा मेंढीकोट चालतो. चार जण, दोन जोड्या, भिडू समोरासमोर, आणि चारही दश्श्या एका बाजूला आल्या की कोट, मग जो काही आरडाओरडा होतो तो खाली दुकानापर्यंत ऐकू जातो. तीन जण आले तर डाव मांडताच येत नाही. मग फोन सुरू होतात, अहो निघालात का, चौथा भिडू नाहीये. एक गृहस्थ आहेत, गुडघे पार गेलेत, जिना उतरताना प्रत्येक पायरीला शिवी हासडतात पण येतात, कारण तिघं खोळंबलेत. आणि आले की समोरचा भिडू पहिल्याच डावाला त्यांच्यावर ओरडतो, हुकूम दाबून ठेवून काय लोणचं घालणार होतात का! त्यावर ते कसे खुलतात ते बघायला ये एकदा. घरी सगळे त्यांच्याशी पेशंटशी बोलावं तसं बोलतात, बाबा गोळी घेतली का, बाबा सावकाश. हक्कानं भांडणारं माणूस या वयात मिळत नाही गं, पैसे देऊन तर नाहीच नाही.

तू जो लेख पाठवलास, कोडी सोडवा मेंदू तल्लख ठेवा वगैरे, त्याचं मूळ मला माहितीये. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला अभ्यास, २००३ साली छापून आला, पंचाहत्तरीपुढची ४६९ माणसं, सरासरी पाचेक वर्षं पाठपुरावा. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं, नाच हे करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी दिसला. छान. पण ज्याची स्मरणशक्ती आधीच ढासळायला लागलीये तो डाव सोडून आधी उठतो, त्यामुळे खेळण्यानं मेंदू टिकला की मेंदू टिकला म्हणून खेळणं टिकलं हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. शाळेत जन्मभर सायन्स शिकवलंय मी, फॉरवर्डला भुलत नाही.

त्यापेक्षा २०१० सालचं घे. १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांवर माणसांचा हिशेब मांडलाय, ज्यांची माणसांत घट्ट ऊठबस त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त. आता तुझ्यासाठी त्यातली खरी गोम, माणूस एकटा राहतो की घरच्यांबरोबर एवढंच मोजलं तर फरक सगळ्यात कमी निघाला, १९ टक्के. चार ठिकाणी जाणंयेणं, नाती, मंडळं असं सगळं मिळून मोजलं तिथे ९१. म्हणजे बाबा तुझ्या घरात आहेत ही सुरुवात झाली फक्त. तू सकाळी आठला बाहेर, जावई लॅपटॉपमध्ये. घर भरलेलं आणि दिवस रिकामा.

हास्यक्लबला एकदा जाऊन परत गेले नाहीत म्हणतेस. कसे जातील, पहिल्या दिवशी अनोळखी माणसांत हात वर करून हा हा हो हो करायचं म्हणजे कुणालाही कानकोंडं होतं. डॉ. मदन कटारियांनी १९९५ला मुंबईत पाच माणसांवर सुरू केलं, आता पुण्यात बागाबागांतून चालतं, पण टिकतात ते हसण्यासाठी नाही, नंतरच्या चहासाठी आणि वाढदिवसांच्या यादीसाठी. वसंत व्याख्यानमालेचंही तेच. रानड्यांनी १८७५ला सुरू केलेली, अजून दर उन्हाळ्यात टिळक स्मारकला असते, मी जातेच. पण नुसतं ऐकून घरी येणाऱ्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी रिकामी राहिली तर वक्त्याला काय त्याचं. आमची मात्र ठरलेली रांग आहे, एकजण दिसला नाही की दुसरा वळून बघतो. तेवढं असलं की पुरे, मग भजनी मंडळ असो, भिशी असो, नाहीतर टेकडीवरचा कट्टा.

माझा मुलगा म्हणतो आई हट्टी आहे. बंगळूरला त्याच्याकडे मोठी खोली आहे, सगळं आहे, मी कोथरूड सोडत नाही. सोडू कशाला? मागे ताप आला होता तेव्हा त्याच्या फोनच्या आधी संघातनं फोन आला, आज पत्त्यांना का नाही. त्याला वाईट वाटलं ते ऐकून, पण जे आहे ते आहे. मी तिकडे गेले तर इथे तिघं खोळंबतील आणि तिथे माझ्यावाचून कुणाचंही अडणार नाही. सुनेला तर मुळीच नाही, ती भली मुलगी आहे म्हणून स्पष्ट सांगते.

एक सल मात्र आहे. आमच्या ह्यांनी पत्त्यांतला ब्रिज सोडला तेव्हा सगळे म्हणाले स्वभाव चिडका झालाय. चिडका नव्हता झाला, ऐकू येत नव्हतं. बोली काय लागली ते कळायचं नाही, चार माणसांत परत परत विचारायची लाज, मग जाणंच बंद केलं. मी कान तपासा म्हणत होते, तर तेही ऐकलं नाही! शेवटी मशीन घेतलं तोवर ती चौकडी मोडली होती, मशीन कपाटात पडून राहिलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टी दिल्यात, त्यात कमी ऐकू येणं आहे आणि एकटं पडणंही. आमच्या घरी दोन्ही हातात हात घालून आले.

तेव्हा तू आधी बाबांचे कान तपासून घे. या आठवड्यात. टीव्हीचा आवाज मोठा असतो असं तूच लिहिलंयस.

आणि त्यांना करमणूक शोधू नकोस, काम शोध. आगारात जन्मभर वाहतूक नियंत्रक होते ना, गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असतील. आमच्या संघाची जेजुरी-मोरगाव सहल कधीची लटकलीये, कारण ७५च्या पुढच्यांना २०२२पासून एसटी फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, कुणाचं कार्ड आहे कुणाचं नाही, कुठली गाडी कुठे मिळेल, हा घोळ निस्तरायला कुणी तयार नाही. यादी त्यांच्या हातात देते. तू मध्ये पडू नकोस, ऑनलाइन बघून देते बाबा असं तर अजिबात म्हणू नकोस, त्यांना स्वारगेटला स्वतः जाऊन विचारू दे, दोनदा हेलपाटा झाला तरी चालेल. वाकडहून लांब पडतं, माहितीये. पडू दे.

सेंटरचे पैसे अजून भरले नसशील तर थांब. कानाचा रिपोर्ट आला की फोन कर, फक्त तीन ते पाच सोडून, तेव्हा मी उचलत नाही.

काकू